श्वासाचं माप

श्वास कमी पडायला लागला की माणसाला ते कळतंच, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव वेगळा आहे. श्वास एका दिवसात कमी होत नाही. तो थोडा थोडा आटत जातो आणि आपण तेवढ्यात भागवायला शिकतो. जिन्याच्या वळणावर कठड्याला हात टेकून थांबायचं, फोनवर वाक्यं तोडून बोलायचं, रात्री दोन उशा पाठीशी घेऊन अर्धवट बसून झोपायचं, हे सगळं माझ्या अंगवळणी पडलं होतं. कोणी विचारलं असतं तर मी मनापासून सांगितलं असतं, मला काही होत नाही.

नारायण पेठेत आमचं लहानसं दुकान आहे. ब्लाऊज शिवणं, फॉल-पिको, जुन्या साड्यांचे ड्रेस. खाली दुकान, वर घर, मधे लाकडी जिना. पावसाळा आला की मला खोकला ठरलेला. पहाटे तीन-साडेतीनला जाग आणायचा आणि उजाडेपर्यंत काही झोपू द्यायचा नाही. मग कफ सिरप, कधी अँटिबायोटिकचा कोर्स, आठवडाभर बरं वाटायचं, पुन्हा तेच. डॉक्टरांकडे जायचे ते दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, आणि दुपारी छाती नेमकी मोकळी असायची. दम्याची ही रीतच आहे, हे पुढे कळलं. रात्री आणि पहाटे श्वासनलिका जास्त आवळतात. दुपारी तपासलं तर घरघर ऐकू येईलच असं नाही.

माझ्या छातीकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते एका गिऱ्हाईक बाईंचं. त्या नर्स आहेत. मी त्यांची मापं घेत होते आणि हाताखालची मुलगी वहीत लिहून घेत होती. छाती, कंबर, खांदा, बाही, दंडघेर, मागचा गळा. एका दमात सांगून व्हायची ही यादी, पण मी दर दोन आकड्यांनंतर थांबत होते. त्या आरशात बघून म्हणाल्या, "ताई, तुम्ही खांदे उचलून श्वास घेताय. हे कधीपासून?" मला सांगता येईना. जाताना त्यांनी माझ्याच मापांच्या वहीत छातीच्या एका डॉक्टरांचं नाव लिहिलं आणि ब्लाऊज न्यायला येईन तेव्हा विचारणार, असं बजावून गेल्या.

त्या डॉक्टरांनी आधी नुसते प्रश्नच विचारले. घराण्यात कोणाला दमा, इसब, सतत शिंका? माझ्या आईला दमा होता. घरात ओल येते का? कॉइल लावता का? गॅलरीत कबुतरं बसतात का? कबुतरांच्या विष्ठेमुळे आणि पिसांमुळे होणारा फुफ्फुसाचा आजार दम्याहून वेगळा, पण धाप दोन्हींत लागते, म्हणून तो प्रश्न. आणि काम काय करता? मी मशीनं सांगितली. ओव्हरलॉकचं नाव ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "कापडाची कडा कापताना जे उडतं ते कुठे जातं?" इतकी वर्षं हे काम करतेय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मग स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुफ्फुसांची हवा मोजायची चाचणी. नाकाला चिमटा, तोंडात जाड नळी, आणि समोर एक मुलगी, "खोल घ्या, अजून घ्या, आता सोडा, जोरात! सोडत राहा, सोडत राहा, संपला वाटला तरी सोडत राहा!" एक फुंकर निदान सहा सेकंद चालवायची आणि एकमेकींशी जुळणाऱ्या तीन तरी मिळाल्या पाहिजेत. डोळ्यांपुढे अंधारी आली. पहिल्या सेकंदात माझी हवा बाहेर पडली १.३८ लिटर. त्यानंतर त्यांनी श्वासनलिका सैल करणाऱ्या सालब्युटामॉलचे पफ पंपाने दिले आणि बाहेर बाकावर बसायला सांगितलं.

ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. बसल्या बसल्या छातीवरचा पट्टा कोणीतरी सैल करत गेलं. श्वास खाली खाली जात बरगड्यांच्या तळापर्यंत पोहोचला. तिथवर तो जातो हेच मी विसरून गेले होते. मला रडू आलं. आनंदाचं होतं की इतकी वर्षं ह्याच्याशिवाय काढली त्याचं, ते मला आजही सांगता येत नाही. दुसऱ्या फेरीत आकडा आला १.७२. औषधानंतर १२ टक्के आणि २०० मिलीलिटर, दोन्हींपेक्षा जास्त वाढ झाली की तो दम्याच्या बाजूचा भक्कम पुरावा धरतात. माझी ३४० मिलीलिटर वाढली होती, म्हणजे जवळजवळ २५ टक्के.

डॉक्टरांनी कागदावर एक नळी काढून दाखवली. दम्यात श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला सूज असते, बाहेरचे स्नायू आवळतात आणि आत चिकट कफ साठतो. लगेच आराम देणारा सालब्युटामॉलचा निळा पंप फक्त स्नायू सैल करतो, सूज जिथल्या तिथे राहते. म्हणून नुसत्या त्याच्यावर दिवस काढणं धोक्याचं. जागतिक मार्गदर्शक सूचनांनीही २०१९ पासून मोठ्या माणसांना एकट्या निळ्या पंपावर ठेवायचं नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. मला त्यांनी बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप दिला. पहिलं औषध स्टिरॉइड, ते सूज उतरवतं, दुसरं नळ्या मोकळ्या ठेवतं. फॉर्मोटेरॉलचा गुण काही मिनिटांत येतो, त्यामुळे रोजचा पंप हाच आणि अडचणीचाही हाच. "बरं वाटतंय त्या दिवशीही घ्यायचा," असं म्हणत त्यांनी कागदावरच्या त्या सुजेवर पेन आपटलं.

घरी आल्यावर अपेक्षेप्रमाणे चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, एकदा पंप लागला की सुटत नाही. जाऊबाईंना स्टिरॉइडची भीती. दिरांनी मृगाला हैदराबादला जाऊन मासा गिळायचा सल्ला दिला. सगळे काळजीपोटीच बोलत होते, त्यामुळे मी कोणाला तोडून बोलले नाही. स्टिरॉइडचं मात्र मी डॉक्टरांना खोदून विचारलं होतं. दम्याचा जोराचा झटका आला की प्रेडनिसोलोन ह्या स्टिरॉइडच्या गोळ्या देतात, दिवसाला साधारण ४० मिलिग्रॅम. मिलिग्रॅममध्ये एक हजार मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम, तेही रक्तातून सगळ्या शरीरात फिरणार. माझ्या पंपाच्या एका पफमध्ये बुडेसोनाइड २०० मायक्रोग्रॅम, आणि ते थेट श्वासनलिकेत. औषधं वेगळी आहेत, सरळ गुणिले-भागिले होत नाही, पण पंप टाळणारा माणूस शेवटी गोळ्यांवर आणि इंजेक्शनांवर जाऊन पोहोचतो, एवढं मला त्यातून पक्कं कळलं. घशात साठू नये म्हणून प्रत्येक वेळी नंतर चूळ भरून टाकायची. ती टाळली तर तोंडात पांढरी बुरशी धरते.

पंप घ्यायचं शिक्षण त्या स्पायरोमेट्रीवाल्या मुलीने दिलं, आणि हे शिकवायला कोणीतरी पाहिजेच, असं माझं ठाम मत आहे. चिठ्ठी घेऊन नुसतं औषधाच्या दुकानातून आणायची ही वस्तू नाही. पंप हलवायचा, स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड ह्यांच्या मधल्या प्लॅस्टिकच्या नळकांड्याला लावायचा, आधी आपला श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, एकदाच दाबायचं आणि सावकाश, अगदी सावकाश आत घ्यायचं. मग दहा सेकंद धरून ठेवायचं. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने. शेजारच्या मुलाचा पंप कॅप्सूलच्या पावडरचा आहे, त्याला उलट जोरात ओढावं लागतं, नाहीतर पावडर आत जातच नाही. एकाचं बघून दुसऱ्याने शिकू नये ते ह्यासाठी. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि तसाच निथळत ठेवायचा, आतून फडक्याने पुसायचा नाही. पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज धरते आणि औषध छातीत जायच्या ऐवजी भिंतीला चिकटतं. नायलॉनची कापडं हाताळणाऱ्या बाईला ही वीज नवी नाही.

पण माझं आयुष्य खऱ्या अर्थाने बदललं ते पीक फ्लो मीटरने. साधी प्लॅस्टिकची नळी, वर आकड्यांची पट्टी आणि त्यावर सरकणारा काटा. उभं राहून छाती भरून श्वास घ्यायचा आणि एकदम जोरात फुंकायचं. तीनदा फुंकून सगळ्यांत मोठा आकडा लिहायचा, सकाळी एकदा, रात्री एकदा, औषध घ्यायच्या आधी. मिनिटाला किती लिटर वेगाने हवा बाहेर पडली ते तो दाखवतो. टेप न लावता नुसत्या नजरेने मी कधी ब्लाऊज बेतत नाही, आणि छातीच्या बाबतीत मात्र इतकी वर्षं सगळं नजरेवरच चाललं होतं.

सुरुवातीला सकाळचा आकडा २३०-२४० असायचा. पंप नियमित झाल्यावर काही आठवड्यांत तो ३६० पर्यंत गेला आणि तिथे थांबला. तो माझा सर्वोत्तम आकडा. त्याच्या ८० टक्के, म्हणजे साधारण २९०, ही माझी हिरवी रेघ. ५० टक्के, म्हणजे १८०, ही लाल. दोन्हींच्या मधे आलं की काय करायचं, किती पफ वाढवायचे, दिवसात एकूण किती पफपर्यंत जायचं, फोन कधी करायचा आणि दवाखाना कधी गाठायचा, हे सगळं डॉक्टरांनी मराठीत लिहून दिलं. तो कागद मशीनच्या वर भिंतीला लावलेला आहे. दुसरा ह्यांच्या पाकिटात.

मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर मी आकडे लिहू लागले. समोर त्या दिवशीचं काम. मग वही आपोआप बोलायला लागली. सोमवारी दुकान बंद, मंगळवारी सकाळचा आकडा चांगला. शनिवारपर्यंत उतरत जायचा. ज्या दिवशी ओव्हरलॉकवर जास्त बसले, त्या रात्री हमखास कमी, आणि नेट किंवा सुती साडीपेक्षा लोकरी, फरसारख्या कापडाने जास्त कमी. मला जाणवत काहीच नव्हतं! छाती भरल्यासारखी वाटायची ती दोन दिवसांनी, आकड्याने आधीच सांगून झाल्यावर. ह्या दोन दिवसांसाठीच तो मीटर आहे.

ओव्हरलॉक आम्ही खिडकीशी हलवलं, तिथे बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला, मशीनखाली झाकणाचा डबा लावला. ते मशीन आता बहुतेक वेळा हाताखालची मुलगी चालवते, तीही मास्क लावून, कारण तिची फुफ्फुसं काही वेगळ्या मातीची नाहीत. दुकान झाडायचं बंद केलं, ओल्या फडक्याने पुसून घेतो. चिंध्यांचं पोतं रोजच्या रोज बाहेर. पूर्वी ते जिन्याखाली महिनाभर साठायचं, म्हणजे मी त्याच्यावरच झोपत होते म्हणायचं.

वरच्या मजल्यावर काम जास्त अवघड होतं, कारण तिथे माणसं होती. सासूबाईंच्या मते दही, केळं, पेरू बंद. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांच्यासमोर केळं खाल्लं, मीटर फुंकला, तासाने पुन्हा फुंकला. आकडा हलला नाही. बरेच दिवस असं करून दाखवलं. (एखाद्याला एखादा पदार्थ खरंच बाधतो, त्याने तो टाळावा. मला केळं बाधत नाही, एवढंच.) मग एका संध्याकाळी धूप झाल्यावर मी त्यांच्या शेजारी बसून फुंकले. दुपारी ३४० होता तो २८० झाला. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले आणि काही न बोलता उठल्या. दुसऱ्या दिवसापासून देवापाशी नुसतं निरांजन आणि फुलं. मी कितीही वेळा "मला त्रास होतो" म्हटलं असतं तरी ते झालं नसतं असं मला वाटतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. दुसऱ्याचा श्वास दिसत नाही, आकडा दिसतो. त्यानंतर माझी वही त्याच रोज बघतात.

कॉइल त्याच आठवड्यात गेली आणि मच्छरदाणी आली. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निघालं होतं. ते वाचल्यावर ह्यांनी उरलेलं पाकीट स्वतः फेकलं. चादरी-अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात, साठ अंशांच्या आसपास, कारण धूळकिडे कोमट पाण्याला दाद देत नाहीत. गाद्यांना उन्हं. मिरचीची फोडणी मी खिडकी उघडून, पंखा लावून, झाकण हातात धरून करते. पावसाळ्यात मागच्या भिंतीला येणारी ओल आणि तिच्यावरची काळी बुरशी हे मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही. जुन्या वाड्याची भिंत आहे, दर वर्षी गळती शोधायची, खरवडायची, रंगवायची. त्या खोलीत मी झोपत नाही.

बाहेरचं जग आपल्या हातात कमी. पुण्यातल्या आम्ही बायका गाडीवर तोंडाला स्कार्फ बांधतो, तो उन्हाला आणि थंड वाऱ्याला ठीक, गाड्यांच्या धुरातले बारीक कण त्यातून सरळ आत जातात. गर्दीच्या वेळी मी एन-९५ लावते. नदीपात्राच्या कडेला, रेल्वेलाइनशी, रिकाम्या प्लॉटवर पावसाळ्यानंतर काँग्रेस गवत पांढरं फुलून येतं, त्याच्या परागांनी माझं नाक आधी आणि छाती मागून बंद होते. देशभर पसरलेल्या ह्या गवताचा उपद्रव पहिल्यांदा नोंदला गेला तो पुण्यातच, १९५० च्या दशकात. आमच्या वाड्यामागचं मोकळ्या जागेतलं गवत गल्लीतली मुलं आता फुलायच्या आत उपटतात, हातमोजे घालून. पाषाणच्या आयआयटीएम ह्या हवामान संस्थेची 'सफर' ही सेवा पुण्यातल्या हवेच्या प्रदूषणाचा अंदाज देते, तो मी सकाळी बघते आणि लांबच्या फेऱ्या त्याप्रमाणे ठरवते. अनंत चतुर्दशीला कसबा गणपती आणि तांबडी जोगेश्वरी डोळे भरून बघते आणि गुलाल उधळायला लागायच्या आत वर येते.

गेल्या दिवाळीची परीक्षा मोठी होती. नवरात्रापासून दुकानात उसंत नव्हती, त्यात थंडी पडली. धनत्रयोदशीच्या रात्री आकडा २७० आला. मला बरं वाटत होतं, तरी कागदाप्रमाणे पफ वाढवले. नरक चतुर्दशीला पहाटे चारपासून फटाके सुरू झाले. खिडक्या बंद असूनही धूर आत आला आणि मी उठून बसले. घरघर ह्यांना दाराशी ऐकू येत होती. वाक्य पूर्ण होत नव्हतं. मीटर २००. सासूबाईंनी कागदावरची ओळ वाचली, ह्यांनी स्पेसर दिला, पफ घेतले, डॉक्टरांना फोन केला. घरात ठेवलेल्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या त्यांनी पाच दिवस सुरू करायला सांगितल्या आणि वीस मिनिटांत आकडा चढला नाही किंवा १८० च्या खाली गेला तर सरळ रुग्णालयात, असं म्हणाले. ह्यांच्या हातात गाडीची किल्ली तयार होती. वीस मिनिटांनी २४०, तासाने २७०. अभ्यंगस्नान उन्हं वर आल्यावर झालं. रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाही. पण आकडा उलट उतरला असता तर एक क्षण थांबायचं नव्हतं, हे घरातल्या प्रत्येकाला आधीपासून माहीत होतं, आणि त्या पहाटे कोणी घाबरून गोंधळ घातला नाही तो त्यामुळेच.

पुण्याच्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाके पेटवून त्यांचा धूर मोजला होता. त्यात सूक्ष्म कण सोडण्यात सगळ्यांत वर निघाली ती सापाची गोळी, जी आपण आवाज नाही म्हणून लहान मुलांच्या हातात देतो आणि मुलं तिच्यावर वाकून बघत बसतात. हे मी वाड्यातल्या प्रत्येक आईला सांगितलं आहे आणि दर वर्षी सांगणार आहे.

आता मी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढते. निघायच्या आधी पफ, पहिल्या टप्प्यात सावकाश, थंडीच्या दिवसांत नाकातोंडावर कापड. धापही लागते, पण ती चढाची असते. वर टेकल्यावर दोन मिनिटांत उतरते. दोन्हींतला फरक आता मला कळतो. डॉक्टरांनी तीन महिने सगळं स्थिर बघून पंपाचा डोस कमी केला आहे. बंद केलेला नाही, आणि बंद करण्याची मला घाई नाही. फ्लूची लस दर वर्षी घेते. अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय घेत नाही, कारण ॲस्पिरिनच्या जातीच्या गोळ्या काही दमेकऱ्यांना झटका आणतात.

ह्या वर्षी दिवाळीच्या ऑर्डरी घटस्थापनेलाच बंद करणार आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकांना तसं आताच सांगायला सुरुवात केली आहे. त्या नर्सबाईंचे दोन ब्लाऊज तेवढे आधीच बेतून ठेवलेत.